मागची सीट

अकोल्याच्या बाजारात भाजी विकता विकता बेबीताईंनी फोन उचलला.

"नौदलातून बोलतोय. कुंदनचं लढाऊ विमान समुद्रात कोसळलं. हेलिकॉप्टरनं त्याला बाहेर काढलंय, सुखरूप आहे."

"तो दुसरा कुंदन असन, साहेब. आमचा तर हाफिसात बसते."

तेवढ्यात पलीकडून थकलेला आवाज आला, "आई, मीच आहो. तू घाबरशीन म्हून सांगतलं नाई."

बेबीताईंच्या हातातून फोन मेथीच्या जुड्यांवर पडला. शेजारी बसलेल्या नवऱ्याला त्या कशाबशा म्हणाल्या, "आवं, आपला कुंदन इमान उडवते! समुद्रात पडला व्हता, वाचला."

शालिकरामजी पांढरेफटक पडले. "अन् मागच्या सीटवरचा?"

फोन उचलता उचलता बेबीताईंनी मान वर केली.

"मांगं कोनी बसते, हे तुमाले कोनं सांगतलं?"