‘सिली’ या शब्दाबाबत

सुरैया मागल्या शुक्रवारी गेली. तर तसं काही झालेलंच नाही, असं आपण धरून चालू. कारण हजेरीपटात ती नुसती गैरहजर होती, आणि हजेरीपटाच्या बाहेरचं काही मानायला हैबतराव गुरुजी अजून तयार नव्हते.

मधल्या सुट्टीत तिचा बाप शाळेत आला. बाबालाल टेलर. रिहे गावात शिलाईचं मशीन त्याचं एकट्याचंच. मापाची टेप गळ्यात तशीच होती. चपला दाराशी काढून तो पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसला. गुरुजींना वाटलं, दाखला मागायला आला असेल. त्यांनी पुढ्यातली भाकरी सरकवली.

“गुरुजी, सिली म्हंजी काय वो?”

घास हातातच राहिला. हा शब्द गावात आणला होता तो गुरुजींनीच. पुण्याला इंग्रजीचं दहा दिवसांचं शिबिर झालं, त्यातून एवढा एकच शब्द त्यांनी धडपणे घरी पोचवला. बाकीचे पौडच्या अलीकडेच एसटीत सांडले. आता आणलाच आहे तर वापरायला नको? पाढा चुकला, सिली. शेळी वर्गात शिरून खडू खाऊन गेली, सिली. नथू शिपायानं सुटायची घंटा अर्धा तास आधीच दिली, तेव्हा गुरुजी हसत म्हणाले, सिली. त्या दिवसापासून निम्म्या वर्गाला तो शब्द सुट्टीचा वाटायला लागला. सुरैयानं एकदा त्यांच्या टेबलावर झेंडूचं फूल ठेवलं, तेव्हा लाजून त्यांच्या तोंडून तेच निघालं.

“का हो, बाबालालभाई? कोण म्हणालं?”

“सुरैया. तापात पडली हुती. म्या पुढल्या वर्साच्या फ्राकाचं माप घेत हुतो, निजल्या निजल्याच. म्हनलं, उठंल तवा तयार असावा. तर माज्याकडं बघून हसली आन म्हनली, अब्बा, सिली.” बाबालालनं टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. “मंग बोललीच न्हाई.”

गुरुजींनी डबा झाकला. हात धुतले, उगाच दोनदा धुतले. कपाटातून शब्दकोश काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, वर्गात वाचावं तसं.

“खुळा. बावळट. भोळा. बिचारा.” खाली बारीक टायपात आणखी एक होता. तो त्यांनी चष्मा पुसून वाचला. “जुना अर्थ. सुखी. आता प्रचारात नाही.”

गिऱ्हाईक एकेक तागा बघतं, तशी बाबालालनं प्रत्येक अर्थावर मान हलवली.

“ह्यातला कंचा?”

“ते बोलणाऱ्यावर असतं.”

“बोलनारी न्हाई.”

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. गुरुजी एकदा दाराशी जाऊन “गप रे!” म्हणून आले. पोरं गप झाली, तेव्हा त्यांना वाटलं, दंगाच बरा होता.

“प्रेमानंच म्हणाली असेल हो.”

“असंल न्हाई चालत, गुरुजी. बाही इंचभर चुकली तर गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकतं माज्या. आन लेकीच्या शेवटच्या बोलाला तुमी असंल म्हनताय? शब्द तुमीच शिकिवला न्हवं?”

“व्हय,” गुरुजी म्हणाले. वर्गात ‘व्हय’ म्हणणाऱ्याला ते उभं करत.

बाबालालनं बोटाची टेप सोडवली.

“कफनाचं कापड म्याच फाडलं. खाली चार बोटं जादा धरली. मौलवी म्हनला, अरं, जादा कशापायी? तर मी म्हनलं, वाढत्या अंगाचं हाय.” तो हसल्यासारखं करायला गेला. “हे बघून ती काय म्हनली असती ते मला ठावं हाय, गुरुजी. पर कंच्या अर्थानं, त्ये न्हाई ठावं.”

 काही अडलं की गुरुजी अर्ज करत. छपराच्या पत्र्यांसाठी, नकाशासाठी, खडूंसाठी असे त्यांचे अकरा अर्ज आजवर वर, जिल्हा परिषदेत, गेले होते आणि वरच राहिले होते.

“वर विचारतो,” ते म्हणाले.

“इचारा. पर कागदावर.”

गुरुजींनी कोरा ताव घेतला. डावीकडे समास दुमडला. तो सरळ आहे की नाही ते बाबालालनं वाकून पाहिलं आणि मान डोलावली. गुरुजींनी तारीख घातली, १२ फेब्रुवारी १९८१. विषय घातला. मग ते न थांबता, एकही खाडाखोड न करता लिहीत गेले, आणि लिहून झाल्यावर त्यांनी त्याला शेवटचं वाक्य वाचून दाखवलं:

“तरी कु. सुरैया बाबालाल मुलाणी, इयत्ता सहावी, हिला एक वेळ, फक्त पाच मिनिटांपुरती, वर्गात उभी करून सदर शब्द तिने कोणत्या अर्थाने वापरला हे तिच्याकडूनच समजून घ्यावे, व अर्जदार पालकास तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.”