गल्लीचं फाटक

तपासणीला आलेल्या साहेबांनी फाटकाकडे पाहिलं, फाटकाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि खांबाला हात टेकून सरळ बाजूने आत शिरले. फाटकाला भिंतच नव्हती. गल्लीच्या तोंडाशी दोन खांब, मधे हिरवीगार दोन दारं, आणि अल्याडपल्याड हातगाडी जाईल एवढी मोकळी जागा. वॉचमनची टोपी घालून उभ्या असलेल्या चहावाल्याचा सलाम हवेतच राहिला.

"हा कारखाना?"

"हो साहेब," फिटरमामा म्हणाले. "तुमची अट नंबर नऊ. कारखान्याला एकच फाटक हवं. एकच आहे. मोजून घ्या."

साहेब हसले नाहीत. त्यांच्या बगलेतल्या फायलीत दोनशे पंपांची ऑर्डर होती, गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांसाठी. आजवर हे पंप परदेशातून खोक्यात बसून यायचे. आज सही झाली तर ते या गल्लीतून जाणार होते. नाहीतर पुन्हा तीच खोकी.

मामांनी साहेबांना एकेक दार दाखवलं. पत्र्याच्या शेडमधे नुकतं ओतलेलं लोखंड निवत होतं. समोर दोघे भाऊ लेथवर शाफ्ट कातत होते. जिन्याखाली पुठ्ठ्याची खोकी, गच्चीवर रंग. तेवीस घरं आणि एक पंप.

पुढच्या खोलीत दोन जावा मोटरमधे तांब्याची तार भरत होत्या.

"हा वाइंडिंग विभाग," मामा म्हणाले. "कर्मचारी दोन, भांडणं रोजची तीन."

"मामा, तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही बाहेरून जो पंप आणता ना, त्याची तारसुद्धा आमच्याच घरातला माणूस भरतो. माझा दीर, हिचा नवरा. तीन वर्षं झाली तिकडे जाऊन. तुमची सही झाली तर त्याला म्हणता येईल, ये बाबा, इथेच भर."

धाकटीने मान वर केली नाही. तार फिरवत जरा मोठ्याने मोजायला लागली. "सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी..."

साहेबांनी एक तयार पंप खोलीबाहेरच्या टाकीत सोडून चालू केला. कान लावला. दाबाची सुई जिथे जायला हवी तिथे जाऊन बसली, ती तासभर हलली नाही. साहेबांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमाल हिरवा झाला. त्यांनी तळहात बघितला.

"हे फाटक कधी बसवलं?"

"खरं सांगू की बरं सांगू?"

"खरं."

"अटी आम्ही आज सकाळी सातला वाचल्या," मामा म्हणाले. "आठ अटी वाचून खूश होतो. पान उलटलं तर ही नववी. तुम्ही अकराला येणार. साडेदहाला रंग मारला, भिंतीला काही वेळ पुरला नाही."

"साडेतीन तासांत? एवढं मोठं फाटक आणलं कुठून?"

मामांनी मागे पाहिलं. मागे अर्धी गल्ली जमली होती.

"आणलं?" मामा म्हणाले. "साहेब, आणायला कशाला जायचं?"

"बिजागऱ्या माझ्या," मागून वेल्डर म्हणाला.

"आणि कडी आमची," लेथवाला. "ओढून बघा, लोण्यासारखी चालते."

साहेबांनी फाइल उघडली. अट नंबर नऊसमोर बराच वेळ पेन धरून थांबले. मग 'आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली. कागदावर अंगठ्याचा हिरवा डाग पडला.

खोलीतलं मोजणं थांबलं.

"किती झाले गं?" थोरलीने विचारलं.

"चुकले," धाकटी म्हणाली. तिने भरलेली सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

साहेब निघाले. मामा सोबत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. फाटक बंद होतं, चहावाला टोपी काढून स्टोव्हला पंप मारत बसला होता. बाजूच्या मोकळ्या जागेतून एक शेळी आरामात बाहेर पडली.

साहेब फाटकासमोर उभे राहिले. चहावाला टोपी सावरत धावत येऊन दार उघडेपर्यंत, तिथेच.