टोपड्याखालचे कान

"बाळाच्या एका गुणसूत्राचा तुकडाच गळालाय, म्हणून हृदयाला भोक," डॉक्टर म्हणाल्या. "दोष कोणाकडून आला ते आईबापांच्या रक्तातून कळेल." "माझ्या लेकाचं कशाला?" सासूबाई फणकारल्या. "खोट हिच्याच माहेरची. आमच्याकडे सगळे ठणठणीत!" नवरा नेहमीसारखा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. बाळंतपणापासून हेच ऐकणाऱ्या सुनेच्या मस्तकात तिडीक गेली, तरी तिनं बाही वर केली. डॉक्टरांनी बाळाचं टोपडं मागे सारलं. "हे मुडपलेले कान कोणाचे?" "आमचे!" सासूबाई खुलल्या. आल्यागेल्याला त्या टोपडं काढून तेच दाखवायच्या. "माझे, लेकाचे, नातवाचे!" "असे कान बऱ्याचदा याच दोषाची खूण असतात," म्हणत डॉक्टर बाळाच्या बापाकडे वळल्या. "आधी तुमचं रक्त घेऊ." सासूबाईंनी घाईघाईनं टोपडं कानांवर ओढलं. सुनेनं ते हिसकावून पर्समध्ये कोंबलं. "राहू देत उघडे, आई. दाखवा ना आता आल्यागेल्याला!"