वाट अडवणारा गडी

"मावशी, नुसता वाट अडवणारा गडी कुणी बनवतं का गं? त्याच्या हाताला चेंडूसुद्धा लागत नाही. कोण घेणार तुला?" मृणालने कपाळावर हात मारला.

भाचीच्या नादाने सिंधुमावशी अमेरिकन फुटबॉलच्या ऑनलाइन लीगमध्ये नव्यानेच शिरल्या होत्या. तिथे प्रत्येकाने आपला खेळाडू घडवायचा, संघांनी त्यांतले निवडायचे आणि सामने संगणकाने खेळायचे. बाकीच्या नवशिक्यांनी चेंडू फेकणारे नाहीतर घेऊन धावणारे वीर घडवले होते.

निवड सुरू झाली. कुणीच घेतलं नाही तर हंगामभर मृणालचे टोमणे ऐकायचे, या धास्तीने मावशी पडद्याला डोळे लावून बसल्या. पण पडद्यावर पहिलंच नाव झळकलं ते त्यांच्या गड्याचं!

संघाच्या मॅनेजरचा निरोप मृणालने थक्क होऊन वाचून दाखवला, "वीर पैशाला पासरी मिळतात, अडवणारा मिळत नाही. आधीचा काही अनुभव?"

मावशी पदर खोचत म्हणाल्या, "लिही, माहेरच्या प्रत्येक लग्नात लाडवांच्या कोठीच्या दारात मीच बसायचे. एकदा खुद्द नवरदेवाचे मामा चालून आले, पण पंगतीआधी एक लाडू बाहेर जाऊ दिला नाही."