लिस्बनला काय काय पाहायचं

फ्लावियाबाईंनी बॅग ओढत हॉलमध्ये आणली आणि सोफ्याला टेकवून ठेवली. अंगात चर्चला घालायचा काळा कोट, गळ्यात मफलर. लिस्बनचं विमान सोमवारी होतं आणि आज शनिवार, पण तयारी आधी झालेली बरी, हे त्यांचं मत वसईपासूनचं. परदेशात, मुलाकडे पॉइंट कुकला येऊन ते बदलायचं काही कारण नव्हतं.

त्यांचा मुलगा ॲलन कॉफीचा मग घेऊन किचनमध्ये उभा होता. त्याने बॅग पाहिली.

“मम्मी, बॅग कशाला भरलीस?”

“मग काय कपडे पिशवीतून नेऊ?” त्या म्हणाल्या. “वजन तेवढं बघ. मसाल्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलीय. ते लोक तारल्या नुसत्या मिठात भाजतात म्हणालास ना? एवढी वर्षं वसईत राहिले पोर्तुगीज, मसाला लावायला काही शिकले नाहीत.”

ॲलन हसला. हसायला नको होतं.

वसईत एखादं घर वेलंकनीच्या यात्रेला निघालं की म्हातारं माणूस आधी गाडीत बसतं. मला नेताय का, असं विचारत नाही आणि त्याला कुणी सांगतही नाही. फ्लावियाबाईंनीही विचारलं नव्हतं. महिनाभर जेवण झालं की ॲलन टीव्हीवर व्हिडिओ लावायचा. लिस्बनला गेल्यावर चुकवू नये असं सगळं त्यात असायचं. निळ्या टाइल्सच्या भिंती, चढावर कण्हत जाणारी पिवळी ट्रॅम, कॉर्कच्या पर्सेस, कस्टर्डचे टार्ट. एकदा त्यात संत अंतोनींच्या जन्मस्थळावरचं चर्च आलं, तेव्हा तोच म्हणाला होता, “बघ मम्मी, तुझे संत अंतोनी.” त्यांनी क्रुसाची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी ट्रेकिंगवाल्यांसारखे जाड तळव्यांचे बूट मागवून घेतले.

ॲलनला त्या दिवशीच सांगायचं होतं. पण बूट घालून त्या घरभर चालून दाखवत होत्या आणि याची जीभच उचलली नाही. बायको रोज विचारायची, हा रोज उद्या म्हणायचा. आता उद्या उरला नव्हता. जवळच, वेरिबीला, म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये फ्लावियाबाईंसाठी खोली घेतली होती आणि आज आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, त्यांना तिथे सोडायचं होतं.

घरातल्या लाँड्रीतून रोशेल आली. तिने बॅग पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“ॲलन, तू सांगतोस की मी सांगू?”

“काय सांगायचंय?” फ्लावियाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून कापडी पिशवी काढली. आत जपमाळा होत्या. लाकडी, काचेच्या, एक मोत्यांची. “आपल्या रोझरी ग्रुपच्या बायकांनी दिल्यात, संत अंतोनींच्या चर्चमध्ये वेदीला लावून आणायला. ही फ्रेडाची. तिच्या मुलीची किमो चाललीय. ही सगळ्यांत आधी लावायची, मी शब्द दिलाय.”

ॲलनने मग खाली ठेवला.

“मम्मी, तू येत नाहीयेस.”

मग तो भराभर बोलत गेला. लिस्बनचे चढ, दगडी रस्ते, तिचे गुडघे. केअर होम छान आहे, नर्स आहे, चॅपल आहे, दोन आठवडे कसे जातील कळणारही नाही. बोलता बोलता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

फ्लावियाबाई कोटासकट सोफ्यावर बसल्या.

“कधी ठरलं?”

“तिकिटं काढली तेव्हाच.”

“सॉरी, मम्मी,” रोशेल म्हणाली. “मी त्याला कितीदा सांगितलं.”

“तू कशाला सॉरी म्हणतेस? मी याला विचारतेय.”

त्यांनी जपमाळा एकेक करून पिशवीत परत भरल्या. दुखलं होतं, फार दुखलं होतं, पण रडणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवीची नाडी ओढली आणि पिशवी मुलाच्या हातात दिली.

“फ्रेडाची आधी.”

“हो.”

“त्या होममध्ये आपल्यातलं कुणी असतं का? कामाला, भेटायला?”

“नाही बहुतेक. का?”

“मला तिथे फोन येता कामा नये. ग्रुपच्या बायकांसाठी मी लिस्बनला आहे.”

“मम्मी, मी सांगतो ना फ्रेडा आँटीला. तुझी तब्येत...”

“माझ्या तब्येतीला काय झालंय? आणि खरं काय सांगशील? मुलाने नेलं नाही म्हणून?” त्यांनी सोफ्यावर शेजारी हात आपटला. “बस इथे. तिथे काय काय पाहायचं ते परत सांग. सावकाश सांग.”

ॲलन बसला. रोशेल दारातच उभी राहिली. त्याने टाइल्सचं सांगितलं, त्या हाताने कशा रंगवतात ते सांगितलं. “निळ्या,” त्या म्हणाल्या. त्याने ट्रॅमचं सांगितलं. “पिवळी. आत लाकडी बाकडी.” मग संत अंतोनींच्या सणाला गल्लीगल्लीत भाजतात त्या तारल्या, आणि तेव्हाच विकतात त्या तुळशीसारख्या झाडाच्या कुंड्या, कागदाचं फूल खोचलेल्या. लहान मूल पाठांतर करतं तशा त्या एकेक गोष्ट पुन्हा म्हणत होत्या.

“आणि तो टार्ट?”

“कस्टर्डचा. वर दालचिनी घालतात.”

“ते माहितेय. इथल्या मॉलमधला खाल्लाय मी. तिथला कसा लागतो?”

“मी तरी कुठे खाल्लाय अजून, मम्मी?”

फ्लावियाबाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून उठल्या.

“मग नीट खा,” त्या म्हणाल्या. “आणि आल्यावर एअरपोर्टवरून आधी माझ्याकडे ये. फ्रेडाने विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.”