मर्विनच्या राउटरचं दार

"उघडलं एकदाचं दार," मर्विन फोनवर म्हणाला. "मी स्वतः खेळात जाऊन आलो."

"कुठून गेलात, काका?" अॅडलेडहून ब्रॉनने विचारलं. ही त्याची पुतणी. बाहेरगावच्या माणसालाही घरच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात येता यावं, असा राउटर लावून द्यायचं काम तिने फोनवरूनच अंगावर घेतलं होतं.

"माझ्या फोनवरून. इथेच, स्वयंपाकघरात बसून."

"म्हणजे स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेलात, आणि म्हणताय पाहुणे आले." ब्रॉन हसली. "घरच्या वायफायवर असेल त्याला खेळ आपोआप दिसतो. खेळात शिरणाऱ्याचा पत्ता पडद्यावर दिसतो, तो एकशे ब्याण्णवने सुरू झाला की समजायचं, माणूस घरातलाच. बाहेरून येणाऱ्याचा आकडा वेगळा असतो. राउटरमध्ये खेळाचं पोर्ट, म्हणजे त्या दाराचा नंबर, पुन्हा एकदा नीट भरा बघू."

मर्विनने चहाचा मग बाजूला सारला. जन्मभर क्वॉर्नच्या शाळेत मुलांना बेरजा शिकवल्या आणि आता तोच पहिलीत बसला होता.

त्याची मुलगी टॅम्सिन आईच्या अंत्यविधीनंतर भांडून दूर उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरीतल्या डार्विनला गेली, ती गेलीच. तीन वर्षं तिने फोन उचलला नव्हता. घरातलं वायफाय तिनेच बसवलेलं. मर्विनने पासवर्डसुद्धा बदलला नव्हता. ती लहान असताना दोघांनी या खेळात ठोकळ्यांचं एक गाव उभारलं होतं. ते त्याने जुन्या कॉम्प्युटरमधून शोधून काढलं आणि तिला कळवलं, "रविवारी दुपारी आपलं गाव उघडतोय. ये."

उत्तर आलं, "बघते."

तेवढ्या एका शब्दावर तो आठवडाभर राउटरशी झटत होता.

रविवारी जेवण उरकून तो कॉम्प्युटरसमोर बसला. बराच वेळ गाव रिकामंच होतं. मग ठोकळ्यांच्या घराबाहेर एक आकृती येऊन उभी राहिली. डोक्यावर नाव होतं, टॅम.

"आत येऊ?" तिने लिहिलं.

मर्विनने एका बोटाने अक्षरं शोधत उत्तर दिलं, "विचारतेस काय? घर तुझंच आहे."

आकृती जागची हलली नाही. त्याने ब्रॉनला फोन लावला.

"आली गं. डार्विनहून आली. तुझी विद्या फळली."

"बघा, जमलं की नाही! पत्ता काय दिसतोय?"

त्याने चष्मा चढवला. "एकशे ब्याण्णव..."

"काका, पुन्हा तेच. तुमचाच फोन आत शिरलाय."

"फोनवरून तो खेळ मी परवाच काढून टाकला."

"मग ती बाहेरून आलेलीच नाहीये," ब्रॉन सावकाश म्हणाली. "काका, तुमचं वायफाय कुठवर पोचतं?"

"फार तर टपालपेटीपर्यंत."

बोलता बोलता त्याने खिडकीचा पडदा सारला. टपालपेटीशेजारी लाल धुळीने माखलेली गाडी उभी होती. तिची नंबरप्लेट नॉर्दर्न टेरिटरीची होती.