उभं नाणं

गावची शाळा बंद पडली, तेव्हा तिथल्या सुतारकामाच्या वर्गातलं बिडाचं जुनं करवतयंत्र हार्लननं लिलावातून घरी आणलं. हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून गंज खरवडला, पट्टे बदलले, नवी बेअरिंग्ज बसवली. शेवटची परीक्षा: यंत्र चालू करून त्याच्या टेबलावर पाच सेंटचं नाणं उभं ठेवायचं. पडलं नाही, तर यंत्रात थरथर नाही. पण नाणं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. “बेअरिंग थरथरतंय. सगळं परत खोलावं लागणार,” तो पुटपुटला. “तिसऱ्यांदा? एवढं तेलपाणी माझं केलं असतंस, तर मीसुद्धा अशी धावायला लागले असते,” बायको म्हणाली. “सरक, मी ठेवते.” तिनं दोन बोटांनी नाणं टेकवून सोडलं. यंत्र घुमत राहिलं, नाणं हललं नाही. “बघ, ठणठणीत आहे की,” ती हसली. हार्लननं घाईघाईनं उजवा हात पँटच्या खिशात खुपसला. खिसा थरथरू लागला.